वाऱ्यावर उडणाऱ्या होड्या: अमेरिका कप आणि सेलजीपी पाहायला शिकताना

नवा प्रेक्षक पहिल्या दिवशी वेगाच्या आकड्याकडे पाहत राहतो, आणि तिथेच चुकतो. पडद्यावर एका होडीपुढे ३८ नॉट दिसतात, दुसरीपुढे ३६ (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर). पहिली जोरात आहे म्हणून ती जिंकणार, असे तो धरून चालतो. पुढच्या वळणावर ३६ वाली होडी शंभरएक मीटर पुढे निघते आणि काय झाले ते त्याला कळत नाही. दोन-तीन शर्यती असेच झाले की तो कंटाळतो. या लेखाचा सगळा भर एवढ्यावरच आहे की शर्यत होडीच्या वेगावरून नाही, वाऱ्यावरून वाचायची. ते जमले की साताऱ्यात किंवा मिरजेत घरी बसूनही कॉमेंट्री करणाऱ्याच्या आधी तुम्हाला पुढचे दिसू लागते.

सांगलीकरांना होड्यांच्या शर्यती नव्या नाहीत. कृष्णेवर वल्ह्यांच्या शर्यती पाहायला घाटावर माणूस मावत नाही. पण तिथे होडी माणसाच्या दंडाच्या जोरावर पळते. इथे होडी पुढे नेणारी शक्ती एकच, वारा. इंजिन नाही, वल्हे नाही. अंगमेहनत असते ती बहुतांशी शिडे ओढून जुळवायला लागणारा जोर तयार करण्यासाठी.

आधी ठरवा, काय पाहायचे

दोन स्पर्धा आहेत आणि दोन्ही एकदम सुरू करू नयेत.

अमेरिका कप ही जुनी. १८५१ साली इंग्लंडच्या वाइट बेटाभोवती झालेल्या शर्यतीत 'अमेरिका' नावाचे गलबत जिंकले, त्यावरून कपाला नाव पडले. नाव देशाचे नाही, गलबताचे. न्यूयॉर्क यॉट क्लबने हा कप १३२ वर्षे हातचा जाऊ दिला नाही. १९८३ मध्ये 'ऑस्ट्रेलिया २' ने तो हिसकावला. सध्या तो न्यूझीलंडकडे आहे: २०१७ मध्ये बर्म्युडात जिंकला, २०२१ मध्ये ऑकलंडला इटलीच्या लुना रोसाला ७-३ ने आणि २०२४ मध्ये बार्सिलोनाला ब्रिटनला ७-२ ने हरवून राखला. पुढची स्पर्धा २०२७ मध्ये इटलीतल्या नेपल्सला आहे. रचना समजायला सोपी आहे. गतविजेता थेट अंतिम लढतीत बसतो. बाकीचे आव्हानवीर आपसात लढतात आणि त्यांतला एक त्याच्यासमोर येतो. अंतिम लढतीत पाण्यावर दोनच होड्या असतात.

सेलजीपी ही नवी. उद्योगपती लॅरी एलिसन आणि नामवंत खलाशी रसेल कूट्स यांनी ती उभी केली आणि २०१९ मध्ये सिडनीला पहिली फेरी झाली. देशांचे संघ, वर्षभर वेगवेगळ्या शहरांत फेऱ्या, प्रत्येक फेरी दोन दिवसांची. सगळ्यांच्या होड्या एकसारख्या, एफ ५० नावाच्या, दोन सांगाड्यांच्या (सांगाडा म्हणजे होडीचे पाण्यावर तरंगणारे अंग) आणि सुमारे १५ मीटर लांब. एका वेळी दहा-बारा होड्या सुटतात. पहिल्याला १० गुण, दुसऱ्याला ९, असे उतरत जातात. दोन दिवसांच्या बेरजेतले पहिले तीन संघ शेवटची शर्यत खेळतात आणि फेरीचा विजेता त्या एकाच शर्यतीत ठरतो. हंगामाच्या शेवटीही तीनच संघ उरतात. गेल्या काही हंगामांत त्या एका शर्यतीवर २० लाख डॉलर लागलेले होते. पहिले तिन्ही हंगाम चालक टॉम स्लिंग्सबीच्या ऑस्ट्रेलियाने जिंकले, २०२४ चा स्पेनने, २०२५ चा ब्रिटनने.

आमचा सल्ला: सुरुवात सेलजीपीने करा. शर्यत साधारण पाव तासात संपते, फेऱ्या वर्षभर येत राहतात आणि होड्या सारख्याच असल्याने फरक खलाशांच्या हाताचा दिसतो. अमेरिका कप तीन-चार वर्षांनी येतो. तिथे प्रत्येक संघ स्वतःची होडी घडवतो, म्हणून अर्धी लढाई पाण्यावर उतरण्याआधीच कारखान्यात झालेली असते. ते कळायला थोडी पूर्वतयारी लागते. वर्षभर सेलजीपी पाहून नेपल्सकडे वळलेल्याला दोन होड्यांमधली घासाघीस लगेच कळते. उलटे केले तर अवघड जाते.

होडी वाऱ्यापेक्षा वेगाने कशी जाते

हे न समजता पाहिले तर सगळा चमत्कारच वाटतो. उत्तर आपल्याच डोंगरावर फिरते आहे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्कीखाली उभे राहा आणि पात्याच्या टोकाकडे पाहा. वारा आपल्या तोंडावर येतो त्याच्या कितीतरी पट वेगाने ते टोक फिरत असते. कारण वारा पात्याला मागून ढकलत नाही. पाते वाऱ्याला आडवे जाते, वारा त्याच्या बाकदार अंगावरून सरकतो, दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो आणि तो फरक पात्याला ओढतो. शिडाचे तसेच आहे. होडी वाऱ्याला आडवी-तिरपी पळते, पळताना स्वतःचा वारा तयार करते आणि खरा वारा व हा वारा मिळून जो होतो त्यावर शीड चालते. म्हणूनच १५ नॉटच्या वाऱ्यात ४० नॉटने होडी जाते.

यातून पाहणाऱ्याला एक व्यावहारिक सूचना निघते. साध्या शिडाच्या होडीत वारा मागून असला की शीड बाहेर फुगलेले दिसते. या होड्यांत वारा खरोखर मागून असला तरी वेगामुळे तो खलाशांना समोरूनच लागतो, त्यामुळे वाऱ्याकडे जाताना असो की वाऱ्यासोबत, शिडे घट्ट ओढलेलीच दिसतात. शिडाकडे पाहून दिशा ओळखायला गेलात तर फसाल. पडद्यावरचा वाऱ्याचा बाण शोधा. कोणतीही शर्यत लावल्यावर पहिल्या दहा सेकंदांत करायचे काम हेच.

आता उडणे. पाण्याखाली फॉइल म्हणजे पंख असतो. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन, त्यामुळे छोटा पंखही कित्येक टनांची होडी उचलतो. साधारण १६ ते १८ नॉट वेग मिळाला की सांगाडा पाण्याबाहेर येतो, पाण्याचा अडथळा जवळजवळ संपतो आणि वेग एकदम वाढतो. अमेरिका कपच्या एसी ७५ होडीला एकच सांगाडा आणि दोन बाजूंना दोन हात असतात. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचा हात पाण्यात, वाऱ्याकडचा हवेत. हवेतला हात तोल सांभाळायला वजन म्हणून कामी येतो. मागे सुकाणूलाही आडवा छोटा पंख असतो, नाळ म्हणजे होडीचे पुढचे टोक वर-खाली करायला.

माणसे किती आणि कोण काय करतो हे माहीत असले की कानावर पडणारे बोलणे उलगडते. एफ ५० वर साधारण सहा जण: चालक, उभे कडक पंखशीड वाऱ्याप्रमाणे जुळवणारा ट्रिमर, उंची सांभाळणारा फ्लाइट कंट्रोलर, डावपेच सांगणारा आणि हाताने दांडा फिरवून जोर पुरवणारे दोन ग्राइंडर. वारा मंद असेल तर वजन कमी करायला माणसे उतरवतात. २०२४ च्या एसी ७५ वर आठ जण होते. दोन चालक, दोन ट्रिमर आणि सायकलसारखे पेडल मारणारे चार जण. नेपल्सला पाचच असतील, त्यांत किमान एक स्त्री खलाशी, आणि पेडलची जागा बॅटरी घेईल. चालक दोन का? होडी वळताना एका बाजूचा माणूस पळत दुसऱ्या बाजूला जात नाही, तिकडचा चालक सुकाणू घेतो. वळणात दोन-तीन सेकंद वाचतात, आणि इथे सेकंदाला मोल आहे.

वेळ, नेट आणि वीज

शर्यती दुपारी ठेवतात, कारण दिवसा जमीन तापली की समुद्रावरून खारे वारे सुटतात. आपल्या घड्याळात त्याचे असे होते:

- इटली, स्पेन, फ्रान्स, उन्हाळ्यात: तिथले दुपारचे २ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. हिवाळ्यात साडेसहा.
- इंग्लंड, उन्हाळ्यात: दुपारचे २ म्हणजे आपले साडेसहा.
- ऑकलंड, तिथल्या उन्हाळ्यात: दुपारचे ४ म्हणजे आपले सकाळचे साडेआठ.
- सिडनी, तिथल्या उन्हाळ्यात: दुपारचे ४ म्हणजे आपले सकाळचे साडेदहा.
- अबू धाबी: दुपारचे ४ म्हणजे आपले साडेपाच.
- न्यूयॉर्क, उन्हाळ्यात: दुपारचे २ म्हणजे रात्रीचे साडेअकरा.
- सॅन फ्रान्सिस्को, उन्हाळ्यात: दुपारचे २ म्हणजे मध्यरात्र उलटून अडीच, आणि आपल्याकडे तारीख पुढची.

गोंधळ होतो तो घड्याळे पुढे-मागे करण्याच्या दिवसांत. युरोप मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतो, अमेरिका मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्या आठवड्यातली शर्यत असेल तर पाठ केलेल्या फरकावर विसंबू नका. अधिकृत अ‍ॅपमध्ये वेळापत्रक फोनच्या वेळेत दाखवण्याची सोय असते, तीच वापरा.

प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक आणि हंगामागणिक बदलतात. म्हणून फेरीच्या आठवडाभर आधी अधिकृत संकेतस्थळावर 'कसे पाहाल' हे पान उघडून भारत निवडा आणि त्या वर्षी थेट प्रक्षेपण कुठे आहे ते पाहा. यूट्यूबवरच्या अधिकृत वाहिनीची सूचना चालू ठेवा. 'लाइव्ह' लिहिलेल्या भलत्याच वाहिन्या जुने चित्रीकरण फिरवत असतात. वाहिनीचे नाव आणि पडताळणीची खूण पाहूनच उघडा.

७२० दर्जावर तासाला साधारण एक ते दीड जीबी डेटा जातो, १०८० वर त्याच्या दुप्पट धरा. रोज दीड-दोन जीबीचे पॅक असेल तर पूर्ण दिवसाचे प्रक्षेपण मोबाइलवर १०८० ला पुरणार नाही. दर्जा 'ऑटो' वर ठेवला की नेमके सुरुवातीला चित्र धूसर होते, म्हणून तो हाताने ७२० वर बांधून ठेवा. पाटण, कोयना, महाबळेश्वर या पट्ट्यात पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही जातात, आणि युरोपातल्या फेऱ्या नेमक्या आपल्या पावसाळ्यातच येतात. राउटरपुरता छोटा यूपीएस ठेवला तर वीज गेली तरी शर्यत चालू राहते.

दुसऱ्या फोनवर अ‍ॅपमधला थेट नकाशा लावायचा असेल तर एक अडचण ध्यानात ठेवा. चित्र आणि नकाशा यांत फरक पडतो, कधी अर्ध्या मिनिटाचासुद्धा. नकाशावर निकाल आधी दिसतो. थरार घालवायचा नसेल तर नकाशा पहिल्या शर्यतीनंतरच उघडा.

आणि थांबण्याची तयारी ठेवा. २०२४ च्या अमेरिका कपात सरासरी वारा ६.५ नॉटच्या खाली किंवा २१ च्या वर असेल तर शर्यत सोडत नव्हते. वारा फार फिरत असेल तरीही खोळंबा होतो. तास-दीड तास उशीर सहज होतो, त्यामुळे त्या संध्याकाळी दुसरे काम लावून घेऊ नका.

पडदा वाचायचा कसा

आता मुद्द्याचे. वाऱ्याच्या तोंडावर कोणतीही शिडाची होडी सरळ जाऊ शकत नाही. ती डावीकडे तिरपी, मग उजवीकडे तिरपी, अशी नागमोडी चढते. अशा वेळी विचारायचा प्रश्न एकच: वाऱ्याच्या दिशेने ती किती पुढे सरकली? इंग्रजी आद्याक्षरांनी याला व्हीएमजी म्हणतात आणि बहुतेक प्रक्षेपणांत तो आकडा वेगाच्या शेजारीच असतो.

सुरुवातीचेच उदाहरण घेऊ. पहिली होडी ३८ नॉटने, पण वाऱ्यापासून ५० अंशांवर जाते. दुसरी ३६ नॉटने, पण ४५ अंशांवर. गणित केले तर पहिलीची वाऱ्याकडची प्रगती २४.४ नॉट, दुसरीची २५.५. फरक एका नॉटचा, म्हणजे मिनिटाला सुमारे ३२ मीटर. चार मिनिटांत सव्वाशे मीटर. दुसरी होडी मंद दिसत दिसत पुढे जाते ती अशी.

याचा अर्थ कमी कोन नेहमी चांगला, असे नाही. वाऱ्याकडे जास्त तोंड केले की वेग घटतो, वेग घटला की पंख उचलत नाही. किती चढायचे आणि किती पळायचे हा तोल सांभाळणे हेच चालकाचे कसब. दहा-पंधरा शर्यती पाहिल्या की तुम्हाला तो आकड्यांतून दिसू लागेल.

पाण्यावर रंगवलेल्या आडव्या रेषा दिसतात, बहुतेकदा शंभर-शंभर मीटरवर. त्या वाऱ्याला काटकोनात असतात. एकाच रेषेवरच्या दोन होड्या बरोबरीत, मग त्यांच्यात आडवे अंतर अर्धा किलोमीटर का असेना. नव्या माणसाला कॅमेऱ्याजवळची होडी पुढे वाटते. तिच्याकडे नाही, रेषेकडे पाहा. या रेषा समुद्रावर अचूक बसवण्याची पद्धत स्टॅन हनी यांच्या चमूने २०१३ च्या अमेरिका कपच्या वेळी रूढ केली आणि तिथून हा खेळ घरबसल्या पाहण्याजोगा झाला, असे आमचे मत आहे. त्याआधी समुद्रावरची दोन शिडे पाहून कोण पुढे ते जाणकारालाही छातीठोकपणे सांगता येत नसे.

आघाडी कधी मीटरमध्ये दाखवतात, कधी सेकंदांत. वाऱ्याकडची प्रगती २५ नॉट असेल तर एक सेकंद म्हणजे जवळपास १३ मीटर. एवढे डोक्यात ठेवले की पुरते.

सुरुवात: इथे डोळा लवू देऊ नका

अमेरिका कपच्या दोन होड्यांच्या शर्यतीत साधारण दोन मिनिटे आधी होड्या दोन टोकांनी सुरुवातीच्या चौकात शिरतात. मग घड्याळाशी खेळ सुरू होतो. रेषा ओलांडायची ती शून्यावर आणि पूर्ण वेगात. आधी ओलांडली तर दंड, एक सेकंद उशीर तर पंधरा-वीस मीटरचे नुकसान. संघांच्या बोलण्यात 'टाइम टू किल' हा शब्द सतत येतो. म्हणजे रेषेपर्यंत पोचायला लागणाऱ्या वेळेपेक्षा हातात किती सेकंद जादा आहेत. ते घालवायचे, पण पंखावरून खाली न पडता.

पाहताना तीन गोष्टींवर नजर ठेवा. कोण पंखावर टिकून आहे. कोण वाऱ्याच्या खालच्या अंगाला आहे (म्हणजे वारा आधी दुसऱ्या होडीवरून येतो), कारण त्याला वरच्या होडीला वाऱ्याकडे रेटण्याचा हक्क असतो. आणि शेवटच्या दहा सेकंदांत कोणाच्या पुढे मोकळे पाणी आहे. वेग घ्यायला जागा लागते. शेजारच्याला चिकटून मंद झालेली होडी रेषेवर असूनही हरलेली असते.

सेलजीपीत दहा-बारा होड्या एकदम पहिल्या खुणेकडे, म्हणजे वळायच्या तरंगत्या खुणेकडे, सुसाट सुटतात आणि तिथे गर्दी होते. पहिल्या तिघांत वळलेल्याला स्वच्छ वारा मिळतो. मागे अडकलेल्याला पुढच्यांच्या शिडांनी घुसळलेला वारा मिळतो आणि त्यातून वर येणे कठीण होते. म्हणून सेलजीपीत सुरुवात चुकली की चालक वाद घालत बसत नाही, लगेच दुसऱ्या बाजूला पळतो.

नियम: पुरेसे तेवढे

पूर्ण नियमपुस्तक जाडजूड आहे. प्रेक्षकाला चार गोष्टी पुरतात.

होडीत पुढे तोंड करून उभे राहा. वारा उजवीकडून येत असेल तर ती होडी स्टारबोर्डवर, डावीकडून येत असेल तर पोर्टवर. आमनेसामने आल्या तर पोर्टवालीने वाट द्यायची. दोघी एकाच बाजूला असतील तर वाऱ्याकडच्या होडीने खालच्या होडीपासून दूर राहायचे. मागून येणारीने पुढचीला वाट द्यायची. वळणाच्या खुणेभोवती एक वर्तुळ असते. त्यात शिरताना जी आतल्या बाजूला असेल तिला वळायला जागा द्यावी लागते. बहुतेक तंटे याच वर्तुळात होतात.

मैदानाला सीमारेषा असतात, पण त्या खऱ्या पाण्यावर नसतात. उपग्रहाच्या आधाराने आखलेल्या असतात आणि खलाशांना यंत्रावर दिसतात. ओलांडली की दंड. पंचही बोटीत नाही, पडद्यांसमोर बसून होड्यांच्या अचूक ठावठिकाण्यावर निर्णय देतात. दंड म्हणजे थांबणे नव्हे. ठरावीक अंतर गमवायचे किंवा समोरच्याच्या मागे जायचे. पडद्यावर एखादी होडी मुद्दाम मंद का चालली आहे हे कळत नसेल तर दंड फेडणे हेच कारण.

वारा फिरला की आघाडी फिरते

हा भाग सगळ्यांत रसाळ आहे आणि नवे प्रेक्षक तो हमखास सोडून देतात. दोन होड्या मैदानाच्या दोन टोकांना गेल्या, मध्ये ५०० मीटर आडवे अंतर, दोघी एकाच रेषेवर. वारा १० अंश उजवीकडे वळला. आता त्या आडव्या रेषाही १० अंशांनी फिरतात, आणि उजवीकडची होडी काही न करता ८५-९० मीटर पुढे गेली. हाताने काही झाले नाही, वाऱ्याने दिले.

म्हणून पुढे असलेला शहाणा चालक मागच्याच्या जवळ राहतो. तो ज्या बाजूला जाईल त्याच बाजूला जायचे, म्हणजे वारा काही करो, दोघांना सारखेच. मागच्याने मात्र वेगळे व्हायला हवे. खालच्या, म्हणजे वारा जातो त्या टोकाच्या गेटला दोन खुणा असतात, डावी घ्या किंवा उजवी. मागचा बहुतेक वेळा विरुद्ध घेतो. तो वेगळा झाला आणि पुढच्याने त्याला मोकळे सोडले, तर तिथे सावध होऊन बघा. एक तर त्याला स्वतःच्या बाजूला जास्त वारा दिसला आहे, नाहीतर तो चूक करतो आहे. दोन मिनिटांत उत्तर मिळते.

पाण्यावरचा वारा ओळखायला शिकायचे असेल तर शिवसागर जलाशय हाताशी आहे. बामणोली किंवा तापोळ्याला काठावर उंच जागी बसा. पाण्यावर गडद, बारीक सुरकुत्यांचे पट्टे सरकताना दिसतात. तिथे झुळूक आहे. चकचकीत दिसते तिथे वारा मेलेला. एक पट्टा निवडा आणि तो काठाला कधी पोचेल ते मनाशी मोजा. अर्धा तास हे केले की प्रक्षेपणात हेलिकॉप्टरमधून दिसणारे काळपट डाग तुम्हाला वाचता येतात. बोटीत बसणार असाल तर लाइफ जॅकेट घालूनच, आणि पावसाळ्यात किंवा वादळी वाऱ्यात बसूच नका.

काय बिघडते आणि का

पंखावरून पडणे. वळताना वेग १६-१७ नॉटच्या खाली गेला की सांगाडा पाण्यात बसतो. वारा भरपूर असेल तर काही सेकंदांत पुन्हा उठतो. वारा मंद असेल तर उठतच नाही, आणि उडणारी होडी तिप्पट वेगाने निघून जाते. यासाठी १५ मार्च २०२१ ची, ऑकलंडच्या अंतिम लढतीतली आठवी शर्यत शोधून पूर्ण पाहा. मंद वाऱ्यात न्यूझीलंडची होडी बसली, लुना रोसाने प्रचंड आघाडी घेतली. मग लुना रोसाच बसली आणि न्यूझीलंड उठून जिंकले. मंद वाऱ्यात मोठी आघाडीसुद्धा आघाडी नसते, हे या एका शर्यतीत कळते. अशा दिवशी चालक कमीत कमी वेळा वळतात आणि त्यासाठी चुकीच्या बाजूलाही जातात.

पंखात हवा शिरणे. उंची फार वाढली आणि पंखाचे टोक पाण्याबाहेर आले की हवा पंखावरून खाली ओढली जाते, उचल एका क्षणात नाहीशी होते आणि होडी आदळते. फ्लाइट कंट्रोलर सतत काही सेंटिमीटरचा हिशोब करत असतो तो यासाठी. लाटा असल्या की हे वाढते.

५० नॉटच्या आसपासची भिंत. पंखाच्या वरच्या अंगावर दाब इतका उतरतो की पाणी थंड असूनही तिथे उकळून वाफेचे बुडबुडे होतात. उचल घटते, अडथळा वाढतो. ५० नॉट म्हणजे ताशी ९२.६ किलोमीटर. त्यापुढचा प्रत्येक नॉट पंखाच्या आकारातून आणि धातूतून मिळवावा लागतो. सेलजीपीने २०२५ च्या ऑकलंड फेरीपासून टायटॅनियमचे टी आकाराचे पंख आणले ते याच कारणाने, आणि आता एफ ५० ताशी १०० किलोमीटरच्या पुढे गेल्या आहेत.

वरच्या, म्हणजे वारा येतो त्या टोकाच्या खुणेवरचे वळण. वाऱ्याकडून वळून वाऱ्यासोबत जाताना होडी मध्ये अशा कोनातून जाते जिथे शिडाची ताकद सर्वाधिक असते. त्याच क्षणी झोत आला तर नाळ उचलली जाते किंवा खाली घुसते. १७ जानेवारी २०२१ ला 'अमेरिकन मॅजिक' संघाची पेट्रियट ही होडी पुढे असताना इथेच उडून उलटली. सांगाड्याला भोक पडले आणि प्रतिस्पर्धी संघांची माणसे ती बुडू नये म्हणून धावली. जोरदार वाऱ्याच्या दिवशी वरची खूण जवळ आली की चहा खाली ठेवून पाहा.

पहिल्या तीन महिन्यांचा अभ्यास

एक वही घ्या. प्रत्येक शर्यतीला पाच रकाने: सुरुवात कोणी जिंकली, पहिल्या भेटीत पुढून कोण गेले, कोण कोणत्या बाजूला गेले, कोण किती वेळा पाण्यात बसले, प्रत्येक गेटला अंतर किती. निकाल सर्वांत शेवटी लिहा. वीसेक शर्यतींची नोंद झाली की दिसते की तगड्या वाऱ्यात सुरुवात जिंकणारा बहुधा टिकतो आणि मंद वाऱ्यात शेवटच्या रकान्यात उलथापालथ होते.

मोबाइलवर व्हर्च्युअल रेगाटा इनशोअर हा खेळ मोफत खेळता येतो. रोज दोन शर्यती खेळा. पोर्ट-स्टारबोर्डचा नियम वाचून पाठ होत नाही, दोनदा दंड खाल्ला की होतो.

एकच संघ धरा, पण खलाशांच्या बदल्यांवर लक्ष ठेवा. माणसे दोन्ही स्पर्धांत आणि ऑलिंपिकमध्येही असतात. दिएगो बोतीनने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकचे सुवर्ण आणि स्पेनसाठी सेलजीपी दोन्ही जिंकले. न्यूझीलंडला कप मिळवून देणारा पीटर बर्लिंग आता लुना रोसात गेला आहे. आपल्याकडच्या विष्णू सरवाननने हांगझोऊ आशियाई स्पर्धेत कांस्य आणि नेहा ठाकूरने रौप्य मिळवले. त्यांच्या होड्या उडणाऱ्या नव्हत्या, पण वारा वाचण्याचे कौशल्य तेच. त्यांच्या शर्यतीही पाहा. होडी मंद असल्याने डावपेच सावकाश उलगडतात आणि शिकायला सोपे जाते.

जुन्या शर्यतींत २०१३ च्या सॅन फ्रान्सिस्कोची मालिका ठेवा. अमेरिकेचा ओरॅकल संघ १-८ असा मागे होता आणि ९-८ ने जिंकला. एका दिवसात सगळ्या पाहू नका. पहिल्या चार, मग मधल्या चार, मग शेवटच्या, असे करा. त्यांचा वाऱ्याकडे चढण्याचा वेग मालिकेच्या मधोमध कसा वाढत गेला ते व्हीएमजीच्या आकड्यांत शोधा.